दारात उभे राहणे आणि दार उघडणे

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, एका विद्यापीठाच्या गावी, २००४ साली काही ख्रिस्ती स्वयंसेवकांनी गर्भपात केंद्रासमोर चाळीस दिवस अहोरात्र प्रार्थना करण्याचा संकल्प सोडला. घोषणा द्यायच्या नाहीत, रस्ता अडवायचा नाही, कोणाच्या अंगाला हात लावायचा नाही. आळीपाळीने यायचे, पदपथावर उभे राहायचे आणि न जन्मलेल्या जीवासाठी देवाची करुणा भाकायची, एवढाच त्यांचा कार्यक्रम होता. पुढे ‘फॉर्टी डेज फॉर लाइफ’ या नावाने हा उपक्रम अनेक देशांत पसरला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आणि शरद ऋतूत, असे वर्षातून दोनदा त्याचे आवर्तन होते. भारतातही कॅथॉलिक संघटनांनी २०२२ साली दिल्लीत जीवनरक्षणार्थ राष्ट्रीय पदयात्रा काढली. तिच्यासाठी त्यांनी १० ऑगस्ट ही तिथी निवडली, कारण वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १० ऑगस्ट १९७१ रोजी अस्तित्वात आला होता.

या मूक जागराला कायद्याने कसे वागवावे, याविषयी लोकशाही देशांतही एकमत नाही. अमेरिकेत १९९४च्या संघीय कायद्याने केंद्राचे दार अडविणे वा येणाऱ्यास धमकाविणे हा गुन्हा ठरविला; मात्र मॅसॅच्युसेट्स राज्याने केंद्राभोवती आखलेली ३५ फुटांची मनाई-रेषा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केली. याउलट इंग्लंड व वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून अशा केंद्राच्या १५० मीटर परिसरात येणाऱ्या स्त्रीच्या निर्णयावर प्रभाव पडेल असे वर्तन करण्यास बंदी आहे, आणि मूक प्रार्थनाही त्या बंदीत येते की काय, यावर तेथे वाद झडत आहेत.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकास हे दृश्य आणि हा वाद दोन्ही दूरचे वाटतील. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र या जिल्ह्याच्या अगदी उंबरठ्यावरचा आहे. जन्मास येऊ न शकलेल्या जीवाविषयी ज्यांना कळवळा वाटतो, त्यांनी नेमके कोणाच्या दारात उभे राहावे?

मूक उभे राहण्याचे बळ

त्या स्वयंसेवकांची टिंगल करणे सोपे आहे. ते न्याय्य मात्र नाही. एखाद्या गोष्टीला आपला विवेक मान्यता देत नसेल, तर हिंसा न करता, शिवी न देता तिच्यासमोर उभे राहणे हा मार्ग भारतीयांनीच जगाला दाखविला आहे. १९३०च्या सविनय कायदेभंगात दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर शांततेने पिकेटिंग करण्याचे काम गांधीजींनी मुद्दाम स्त्रियांकडे सोपविले. ग्राहकाच्या मनाला हाक घालण्याची शक्ती त्यांच्यात अधिक आहे, असा त्यांचा विश्वास होता. महाराष्ट्रात अलीकडच्या काळात गावोगावच्या बायकांनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली, तीही याच परंपरेतली गोष्ट होय. निःशस्त्र माणसाच्या स्तब्ध उभे राहण्यात एक नैतिक बळ असते, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि दारूचे दुकान आणि गर्भपाताचे केंद्र यांत एक मूलभूत भेद आहे. दारूच्या दुकानातून माघारी फिरणाऱ्या माणसाचे काहीच बिघडत नाही. झाला तर लाभच होतो. केंद्राची पायरी चढणारी स्त्री कशासाठी आली आहे, हे बाहेर उभ्या असलेल्यास कळणे अशक्य असते. पोटातले मूल आधीच गेलेले असेल. तिच्या स्वतःच्या जीवाला धोका असेल. बलात्कारातून राहिलेला गर्भ असेल. गर्भनिरोधक साधन निकामी ठरले असेल आणि कडेवर एक, हाताशी एक अशी दोन लहान मुले घरी असतील. किंवा घरच्यांनीच तिला तेथे ढकलत आणले असेल. या पाचही जणी एकाच दारातून आत शिरतात आणि पाचही जणींकडे एकाच नजरेने पाहिले जाते. प्रार्थना मूक असली, तरी नजर मूक नसते. चिखली, मेहकर, मलकापूर यांसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे प्रत्येक बाई कोणाची तरी सून वा लेक म्हणून ओळखली जाते, तिथे अशी एक नजरदेखील तिचे उभे आयुष्य झाकोळून टाकू शकते. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव गुप्त राखण्याचे बंधन भारतीय कायद्याने डॉक्टरांवर घातले आहे, ते याच कारणासाठी.

आकडा बोलतो आहे

बुलढाण्यात हा प्रश्न अधिक बिकट आहे. कारण येथे गर्भपाताच्या चर्चेवर एका आकड्याची सावली पडलेली आहे. २००१च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ उरल्या. त्याच दहा वर्षांत राज्याचे प्रमाण ९१३ वरून ८९४ वर आले, म्हणजे जिल्ह्याची घसरण राज्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने झाली. निसर्गाचा हिशेब साधारणतः हजारास साडेनऊशेच्या आसपास असतो. बीड, जळगाव आणि बुलढाणा या जिल्ह्यांची नावे राज्यातील सर्वांत चिंताजनक जिल्ह्यांत घेतली जाऊ लागली, आणि २०१५ साली ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश करावा लागला. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली.

या आकड्याची बोच अधिक तीव्र होते ती भूगोलामुळे. सिंदखेड राजा याच जिल्ह्यात आहे. लखुजीराजे जाधवांच्या राजवाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, आणि मुलगी झाली म्हणून त्या वेळी हत्तीवरून साखर वाटली गेली, अशी आख्यायिका तिथे आजही सांगितली जाते. दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक तिथे नतमस्तक होतात. ज्या मातीने जिजाऊ दिली, त्याच मातीत मुलीच्या जन्माची वाट अडविली जावी, यातील विसंगती भाषणांतून पुष्कळदा सांगून झाली आहे. तिचे कारण शोधण्याचे काम मात्र भाषणे संपल्यावर सुरू होते.

येथे दोन कायद्यांतला फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे, कारण सुशिक्षितांतही त्यांची गल्लत होते. १९७१चा कायदा वैद्यकीय गर्भपाताला ठरावीक मर्यादेत परवानगी देतो. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींतून तो आला, आणि त्यामागची प्रेरणा अघोरी, चोरट्या गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रियांचे प्राण वाचविण्याची होती. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या, आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा विशिष्ट स्त्रियांच्या बाबतीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. दुसरा कायदा १९९४चा; तो गर्भाचे लिंग जाणून घेण्यास व सांगण्यास मनाई करतो. पहिला कायदा गर्भपाताविषयी आहे, दुसरा निवडीविषयी. मुलगा-मुलगी पाहून केलेला गर्भपात गुन्हा आहे, म्हणून गर्भपातच गुन्हा आहे, असा समज एकदा पसरला की कायद्याने मिळणारी मदतही स्त्रीला नाकारली जाते आणि ती भोंदू माणसाच्या हाती सापडते. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपल्या जिभेवर रुळला आहे खरा. पण त्यातील ‘हत्या’ हे पद नकळत आईलाच मारेकरी ठरवून मोकळे होते आणि सोनोग्राफीचे यंत्र, पैसा घेणारा डॉक्टर व वारस मागणारे घर यांना आडोसा देते.

मुंबईतील धडा

महाराष्ट्रातील स्त्रीचळवळीने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. १९८०च्या दशकाच्या मध्यास मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील ४२ जण गर्भजलपरीक्षेचा उपयोग लिंगनिदानासाठी करीत असल्याचे आढळले. याच सुमारास स्त्री संघटना, डॉक्टर, वकील आणि विज्ञान कार्यकर्ते यांनी एकत्र येऊन लिंगनिदानविरोधी मंच उभारला. गर्भपाताचा हक्क शाबूत राखून लिंगनिवड कशी थांबवायची, हा पेच त्यांच्यापुढे होता. त्यांनी बोट रोखले ते तंत्रज्ञानाच्या गैरवापराकडे आणि त्याची जाहिरात करणाऱ्या व्यवसायाकडे. तपासणीस आलेल्या बाईकडे नव्हे. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला आणि १९९४चा केंद्रीय कायदा त्याच वाटेने आला.

त्या केंद्रीय कायद्यातील एक कलम फारसे कोणी वाचत नाही. लिंगनिदानाचा गुन्हा घडला असता, उलट पुरावा नसेल तर, त्या गरोदर स्त्रीवर पतीने किंवा नातेवाइकाने जबरदस्ती केली असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे त्यात म्हटले आहे. निर्णय दवाखान्यात झाला नसून घरात झाला, हे सत्य कायद्याच्या रुक्ष भाषेने अशा रीतीने मान्य केले आहे.

ते किती खरे आहे, हे अनुभवाने दाखवून दिले. मे २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातील परळी येथे गर्भपाताच्या वेळी चार मुलींची आई दगावली, आणि त्या रुग्णालयात वर्षानुवर्षे काय चालले होते ते चव्हाट्यावर आले; २०१९ मध्ये तेथील डॉक्टर दांपत्याला न्यायालयाने दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथेही एका तरुण विवाहितेच्या मृत्यूनंतरच तपास सुरू झाला आणि ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. दोन्ही ठिकाणी बाई मेली तेव्हा जग जागे झाले. साताऱ्याच्या अ‍ॅड. वर्षा देशपांडे यांनी ‘लेक लाडकी अभियाना’तून बनावट रुग्ण पाठवून अनेक केंद्रे उघडी पाडली, त्यांच्या कार्याची दखल घेऊन २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना देण्यात आला. त्यांचाही रोख बाईवर नव्हता. दुकान मांडून बसलेल्यांवर होता.

ताराबाईंचे बुलढाणे

बुलढाण्यास या बाबतीत स्वतःचा एक मोठा वारसा आहे. ताराबाई शिंदे १८५०च्या सुमारास याच गावी जन्मल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे उपायुक्तांच्या कचेरीत मुख्य कारकून होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाला मारल्याचा खटला चालला. लोकलज्जेच्या भयाने तिने ते कृत्य केले होते. तिला फाशीची शिक्षा झाली; ती नंतर जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आणण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या चारित्र्याला दूषणे देणारे लेखन सुरू झाले. ‘पुणे वैभव’ पत्रातील अशा लेखनाने ताराबाई संतापून उठल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापून प्रसिद्ध केला. त्याच्या अवघ्या पाचशे प्रती निघाल्या होत्या.

ताराबाईंनी बालहत्येचे समर्थन केले नाही. ज्याने तिला या संकटात लोटले तो पुरुष कोठे आहे, आणि तिला पुन्हा संसार करण्याची मुभा नाकारणारा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात का नाही, हा त्यांचा सवाल होता. गेलेल्या मुलाबद्दल हळहळणारे सगळेच होते. मूल जगू शकले असते अशी परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी मात्र कोणी घेत नव्हते. अशा काळात त्यांनी सवाल करण्याचे धाडस दाखविले. समाजाने त्यांच्या पुस्तकाची उपेक्षा केली. जोतीराव फुले यांनी मात्र ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू उचलून धरली.

जोतीरावांना तो अधिकार होता, कारण ते केवळ लिहीत नव्हते. ताराबाईंच्या निबंधाआधी जवळजवळ वीस वर्षे, म्हणजे १८६३ साली, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे व सुरक्षित बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे अथवा येथेच ठेवावे, ही त्यांची मर्जी, अशा आशयाची पत्रके गावात लावण्यात आली. येणाऱ्या स्त्रीला ती कोण, कोणाची, असे का घडले, हे विचारले जात नव्हते. १८७४ मध्ये तेथे जन्मलेले एका ब्राह्मण विधवेचे मूल फुले दांपत्याने दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७च्या प्लेगात सावित्रीबाईंसोबत रुग्णसेवेत उभा राहिला. त्याच सेवेत सावित्रीबाईंचा अंत झाला. पंढरपुरातही १८७५ मध्ये अनाथ बालकाश्रम निघाला, तो अशाच टाकून दिलेल्या मुलांसाठी.

गर्भातील आणि पदरातील जीव वाचविण्याची महाराष्ट्राची परंपरा ती ही. तिने स्त्रीच्या वाटेवर उभे राहून तिला परत फिरविले नाही. आपल्या घराचे दार उघडून तिला आत घेतले. मूल वाचावे अशी इच्छा असणाऱ्याने प्रथम मूल जगविण्याचा भार उचलला पाहिजे, हा तिचा नियम होता.

जागर कोठे मांडावा

हा नियम आजच्या बुलढाण्यास लावून पाहिला, तर जागराची स्थाने आपोआप दिसू लागतात. मुलगी नको असते ती दवाखान्यात नव्हे. ती नको असते बोहल्यापाशी. १९६१चा हुंडाबंदी कायदा पासष्टीच्या घरात पोचला, तरी नोकरदार नवऱ्याची किंमत आजही बैठकीत ठरते, आणि ती ठरविणाऱ्यांत सुशिक्षितांचा भरणा काही कमी नसतो. ती नको असते तलाठी कार्यालयात. महाराष्ट्राने १९९४ मध्येच आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. परंतु वडिलांचे दिवस होतात न होतात तोच ‘भावाशी वाकडे कशाला’ म्हणून बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. ज्या मुलीचे नाव सातबाऱ्यावर टिकत नाही, ती म्हातारपणाची काठी कशी होणार? मग ती परक्याचे धन ठरते, आणि सोनोग्राफीचे यंत्र त्या जुन्या हिशेबाचे नवे हत्यार होते.

ही तीनही दारे, घर, बोहला आणि कचेरी, शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या नित्य येण्याजाण्याची आहेत. वर्गात वंशाच्या दिव्याची थोरवी सांगणारा धडा शिकविताना जो शिक्षक क्षणभर थांबतो आणि मुलींना वारसाहक्काचा कायदा समजावून देतो, त्याने जागर मांडला असे म्हणावे. हक्कसोड पत्र समोर आले असता, बहिणीला बाजूला घेऊन ‘आपण कशावर सही करीत आहात हे ठाऊक आहे ना’ एवढे विचारणारा कारकून हाही त्या जागरातला स्वयंसेवक होय. हुंडा घेणाऱ्या मित्राच्या वरातीत न जाणारा विद्यार्थी गैरहजर राहून साक्ष देतो.

फुल्यांचे उघडे दार आजही शब्दशः उपलब्ध आहे. ते माहीत मात्र थोड्यांना आहे. मूल वाढविणे अशक्य असलेल्या आईला २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल कल्याण समितीपुढे ते रीतसर सुपूर्द करता येते. विचार बदलण्यास तिला दोन महिन्यांची मुदत मिळते आणि त्यानंतर मूल कायदेशीररीत्या दत्तक जाऊ शकते. राज्याच्या ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक घरातील मुलीला अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. पैशाने ममता विकत मिळत नाही, हे खरे; पण अर्ज कसा भरावा हे न कळल्याने हक्काची रक्कम बुडावी, हे सुशिक्षितांच्या शेजारात घडू नये.

अर्थात यावर एक आक्षेप येईल. गर्भातील जीव हाही जीव असेल, तर त्याच्यासाठी कोणी उभे राहू नये काय? या प्रश्नाला हसण्यावारी नेता येणार नाही. जीव केव्हा सुरू होतो, याविषयी धर्म, विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांची उत्तरे एक नाहीत, आणि ज्याची श्रद्धा त्याला प्रार्थनेकडे नेते त्याची प्रार्थना हिरावून घेण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु प्रार्थना कोठूनही देवास पोचते. ती नेमकी त्या दारासमोर केली जाते, तेव्हा तिचा श्रोता देव राहत नाही, आत जाणारी बाई होते. आणि त्या बाईस त्या क्षणी काय हवे असते, याचे उत्तर एकशे साठ वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका घराने देऊन ठेवले आहे.

येत्या १२ जानेवारीला सिंदखेड राजाच्या वाड्यासमोर पुन्हा गर्दी लोटेल. त्या गर्दीतून घरी परतणाऱ्याने आपल्या उंबरठ्यावर क्षणभर थांबावे. आत कोणी सून दुसऱ्या वा तिसऱ्या खेपेला दिवस गेलेली असेल आणि ‘या वेळी तरी’ हे तीन शब्द तिच्या कानावर रोज पडत असतील. ते तीन शब्द ज्या घरातून कायमचे हद्दपार होतील, त्या घरापुढे कोणालाही कसला जागर मांडावा लागणार नाही.